ब्रॅम्लीची सरबराई

इंग्लंडात घरामागे चार हात जमीन मिळाली की मराठी माणसाला कैरी आठवते. आंबा तिथे जगत नाही, म्हणून आम्ही ब्रॅम्ली लावतो. हे सफरचंद इतकं आंबट की चावताच डोळे आपोआप मिटतात. पण गूळ-मेथी घालून मेथांबा झकास होतो. फोडी मात्र शोधू नयेत. शिजलं की लगदा!

१८०९ साली साउथवेल गावात मेरी अॅन ब्रेल्सफर्ड या मुलीने बी पेरलं. पुढे तिचं घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने घेतलं, आणि कलमं न्यायला आलेल्या रोपवाटिकेवाल्याला अट घातली : नाव माझं लागलं पाहिजे. झाडाचा स्वभाव मालकावर गेलाय. याच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच, त्यामुळे पराग जवळजवळ निकामी. दुसऱ्याचे घेणार, द्यायची वेळ आली की हात वर. सोबतीला ग्रेनेडियर जातीचं सफरचंद लावा, ब्रॅम्ली धरेल. पण ग्रेनेडियर बिचारं वांझोटं उभं. मग त्याच्यासाठी जेम्स ग्रीव्ह ही तिसरी जात. एका नवरदेवापायी वऱ्हाड पोसायचं. शेजाऱ्याकडे क्रॅबॲपल, म्हणजे चिमुकल्या आंबट सफरचंदाचं झाड, असेल तर त्याचेही पराग चालतात, तेव्हा त्याच्याशी भांडू नये.

रोप घेताना खुंट, म्हणजे ज्या मुळावर कलम बांधलंय ते, विचारावा. 'एम २५' या जोमदार खुंटावरचं झाड शेजाऱ्याच्या माडीत डोकावतं. लहान बागेला 'एम २६' पुरे. उघड्या मुळांचं रोप नोव्हेंबर ते मार्चमध्ये लावावं, कलमाचा सांधा मातीच्या चांगला चार बोटं वर. तो पुरला की वरच्या भागाला स्वतःची मुळं फुटतात आणि खुंटाचा धाक संपतो.

छाटणीत तर भल्याभल्यांची फजिती. ब्रॅम्लीची बरीच फळं फांद्यांच्या शेंड्यांवर येतात. हौशी माणूस हिवाळ्यात कात्री घेऊन सगळे शेंडे न्हाव्यासारखे सारखे करतो. पुढच्या वर्षी फळांऐवजी सरळसोट पाणफुटवे, म्हणजे नुसत्या पानांच्या फांद्या. जूनमध्ये झाड स्वतःच थोडी फळं गाळतं. त्यानंतर आपणही विरळणी करायची, दोन फळांत वीतभर अंतर. हात धजत नाही. पण लोभ धरला तर पुढचं वर्ष कोरडं. ऑगस्टात पाण्याची ओढ बसली तर फळात कॅल्शियम पोचत नाही आणि सालीखाली तपकिरी, कडू ठिपके पडतात. तेव्हा मातीत चुना ओतणारे खूप, पाणी घालणारे थोडे.

तोवर साऱ्या गल्लीची सफरचंदं खाऊन संपलेली असतात. आपलं उतरवायचं ऑक्टोबरात : तळव्यात धरून किंचित उचलून पिळायचं, देठासकट सुटलं तर तयार. मग अढी. आंब्याची अढी उबेत, हिची थंड, अंधाऱ्या जागी. एकच थर, फळ फळाला न लागता, हवं तर कागदात गुंडाळून. डाग पडलेलं एकही आत नको. नीट ठेवली तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत टिकतात.

दर आठवड्याला तपासायची. सडायला लागलेलं फळ आज शिजवायचं, चांगलं पुढच्या आठवड्याला ठेवायचं. पुढच्या आठवड्यात ते सडायला लागतं.