चूक आहे, पण ती पण चुकीची

२०२४ मधली गोष्ट. माझ्या लॅपटॉपवर विंडोजचा अपडेट, परत एकदा. डाउनलोड झालं, इन्स्टॉल सुरू झालं, टक्के सरकतायत सरकतायत आणि मग फटकन "काही अडचणी आल्या, आम्ही नंतर पुन्हा प्रयत्न करू", सोबत कोड ०x८००७०६४३. त्या वर्षीच्या ९ जानेवारीला हा केबी ५०३४४४१ नावाचा अपडेट निघाला आणि तेव्हापासून माझ्या मानगुटीवर बसला. ट्रबलशूटर चालवून झाला, उतरवलेले अपडेट साठतात तो सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशनचा फोल्डर रिकामा करून झाला, काळ्या खिडकीत विंडोजच्या फाइली तपासणारी एसएफसी स्कॅननाऊ ही कमांड देऊन झाली, तर ते म्हणतं सगळं ठणठणीत आहे. ठणठणीत आहे तर घे ना मग बाबा!

तेवढ्यात बेल. सोसायटीचे सेक्रेटरी काका, रीडेव्हलपमेंटच्या संमतीपत्रावर सही घ्यायला. चहा नको म्हणत बसले (म्हणजे हवा) आणि स्क्रीनकडे बघून म्हणाले, "अगं तो म्हणतोय ना नंतर करतो, मग करू दे की. घाई तुला आहे का त्याला?"

"काका, तो रोज हेच म्हणतो."

"आणि हा नंबर कसला?"

मी सांगितलं, त्या नंबरचा अर्थ नुसता 'इन्स्टॉल फसलं' एवढाच, खरी भानगड जागेची आहे, आणि चुका दाखवणाऱ्या भागातच गडबड असल्यामुळे भलताच कोड दिसू शकतो असं कंपनीनेच लिहून ठेवलंय.

काकांनी चष्मा काढला. "म्हणजे चूक दाखवतोय ती पण चुकीची?"

"हो."

"मग बरोबर काय आहे ह्यात?"

आता ह्याला काय उत्तर देणार? मी उगाच समजावत बसले, की डिस्कच्या शेवटी रिकव्हरीचं, म्हणजे विंडोज बिघडलं तर सावरायचं, एक छोटं पार्टिशन असतं, वेगळा काढलेला कप्पा, आपल्या स्टोअररूमसारखं, ते लहान पडतंय, म्हणून हॉल, म्हणजे शेजारचा मोठा कप्पा, कापून ते २५० एमबीने वाढवायचं. झालं, काकांमधला सेक्रेटरी जागा झाला. "हॉल कापायचा? प्लॅन पास आहे? कॉलमला धक्का लागला तर? आणि मिस्त्री कोण?"

"मीच."

"तू??"

दोन मिनिटं शांतता. मग अगदी हलक्या आवाजात, घरातलं कोणी गेल्यावर बोलतात तसं, "पाडून टाक. रिपेअरिंगवर पैसे घालू नकोस. पाड आणि नवीन बांध." दुकानातला पोरगाही हेच म्हणाला होता, फॉरमॅट मारू ताई, फ्रेश होईल. काकांची गाडी तिथून जी सुटली ती २०१९ च्या जीआरवर, आता ५१ टक्के संमती पुरते, मग वाढीव कार्पेट, कॉर्पस, भाडं, दुसऱ्या मजल्यावरचे कसे आडमुठे आहेत, चहाचा दुसरा कप.

पण खरंच सांगते, मला राग जागेचा नाही येत. हा अपडेट कशासाठी, तर लॅपटॉप चोराच्या हातात पडला तर एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद डिस्क त्याला उघडता येऊ नये म्हणून. माझ्या डिस्कला ते कुलूपच नाही! नसलेल्या कुलपाची दुरुस्ती माझ्या गळ्यात. त्यात कंपनी आधी म्हणाली आम्ही मार्ग काढतोय, आणि काही महिन्यांनी सांगून मोकळी, की आपोआप काही होणार नाही, तुमचं तुम्ही हाताने करा. म्हणजे काळ्या खिडकीत रीएजंटसी, डिस्कपार्ट, श्रिंक असल्या कमांड टाइप करायच्या, मग जुनं पार्टिशन डिलीट, एक आकडा चुकला की भलतंच उडालं. माझी आई ओटीपी आला की मला फोन करते, तिने डिस्कपार्ट चालवायचं? आणि 'नको मला हा अपडेट' असं साधं बटण द्यायला काय जातं ह्यांचं, लपवायला म्हणे वेगळं टूल शोधून आणायचं. फुकट पगार घेतात.

काका उठता उठता परत बसले. "ते जाऊ दे, माझा मोबाइल पण अपडेट मागतोय, जागा नाही म्हणतोय, बघतेस जरा?" बघितलं. सूर्योदय, गुलाब, गणपती, वाफाळता चहा, सगळ्यांवर शुभ सकाळ, बोट दुखेपर्यंत खाली सरकवलं तरी संपेनात. म्हटलं काका, हे उडवूया.

"छे छे, ह्यातलं एकही हलवायचं नाही," फोन हिसकावून घेत म्हणाले. "बाकी काय पाडायचं ते पाड."