नट हातानं बसला म्हणजे आटे जुळले, असं नाही

नमस्कार. जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींच्या आट्यांवरच्या लेखाबद्दल तुमचे तीन आक्षेप आहेत. नट हातानं शेवटपर्यंत फिरला की आटे बरोबर, मग मोजमापाचा खटाटोप कशाला? कुठला पाना लागतो त्यावरून माप कळतंच. आणि 'इंचाला २६ आटे म्हणजे सायकल थ्रेड' हे माझं वाक्य चूक आहे.

तिसरा आक्षेप पूर्ण मान्य. दोन सुती, म्हणजे १/४ इंची बीएसएफलाही (बारीक ब्रिटिश आटा) इंचाला २६च आटे असतात. फरक आट्याच्या खाचेच्या कोनाचा: बीएसएफ ५५ अंश, सायकल थ्रेड (सायकली-मोटरसायकलींवरचा ब्रिटिश आटा) ६० अंश. त्या मापात एकाचा नट दुसऱ्यावर चालूनही जातो. ५५ अंशांच्या गेजचं (आटे तपासायच्या दातेरी पट्ट्यांच्या संचाचं) पातं आट्यावर टेकवून उजेडासमोर धरलं, तर सायकल थ्रेडवर दातांच्या बाजूंना बारीक फट दिसते. पण इतक्या बारीक आट्यावर भिंगाशिवाय ती सापडत नाही. त्यापेक्षा शेजारचा अडीच सुती (५/१६ इंची) बोल्ट मोजा. तिथे बीएसएफ असेल तर २२ आटे भरतील, सायकल असेल तर २६. शिवाय मोठ्या व्यासाला सायकल थ्रेड २० आट्यांचाही येतो, तेही लेखात सुटलं होतं.

पहिला आक्षेप मात्र अजिबात मान्य नाही, कारण नुकसान तिथेच होतं. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिमी. त्याचा सायकल थ्रेड २६ आट्यांचा, म्हणजे एका आट्याला ०.९७७ मिमी. आता त्यावर ८ मिमीचा, १ मिमी पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) मेट्रिक नट लावा. सहा-सात आट्यांत फरक जेमतेम ०.१५ मिमी पडतो, त्यामुळे नट हातानं आरामात फिरतो. पण आवळल्यावर सगळा ताण एक-दोन आट्यांवरच येतो. त्याच पिचचा मेट्रिक बोल्ट सायकल थ्रेडच्या २० मिमी खोल भोकात घाला, फरक ०.४६ मिमी होतो, म्हणजे जवळपास अर्धा आटा. मध्येच जड लागतो, माणूस पाना लावतो आणि ॲल्युमिनियमचे आटे बोल्टबरोबर बाहेर येतात. बीएसएफच्या भोकात (२२ आटे, १.१५५ मिमी) साधा १.२५ पिचचा ८ मिमी बोल्टही दोन-तीन फेरे खुशाल घेतो. बीएसडब्ल्यू (जाड ब्रिटिश आटा, म्हणजेच व्हिटवर्थ) आणि यूएनसी (युनिफाइड पद्धतीचा जाड आटा) तर त्याहून फसवे: चार सुती माप सोडलं (१२ विरुद्ध १३), तर नेहमीच्या मापांत आटे सारखेच, फक्त कोन वेगळा. म्हणून अडत नाही, आणि अडत नाही म्हणून कुणी तपासत नाही.

पान्याचं म्हणाल तर व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा षटकोनाचा नसतोच, बोल्टच्या व्यासाचा असतो. १/४ व्हिटवर्थच्या पान्याचं तोंड म्हणजे ०.५२५ इंच, साधारण १३.३ मिमी, तोच पाना ५/१६ बीएसएफला बसतो. त्यात दुसऱ्या महायुद्धात लोखंड वाचवायला बीएसडब्ल्यूची डोकी एका मापानं लहान केली. पाना फक्त आट्याचं घराणं सुचवतो. १२.७ मिमीचं डोकं अडीच सुती बोल्टवर असेल आणि डोक्यावर गोल खळगा किंवा कडेला जोडलेली वर्तुळं दिसली, तर मात्र यूएनएफ (यूएनसीचा बारीक भाऊ) किंवा यूएनसी असण्याची शक्यता दाट. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात बीएसए आणि ट्रायम्फ तिकडे वळू लागल्या, म्हणून त्या काळातल्या एकाच गाडीवर दोन्ही घराणी भेटतात.

मोजताना बोल्ट आधी रॉकेल आणि तारेच्या ब्रशनं साफ करा. व्हर्नियर न झिजलेल्या भागावर लावा. खरं माप नावापेक्षा ०.१ ते ०.२ मिमी कमीच भरतं. मग १२.७ मिमीत, म्हणजे अर्ध्या इंचात, आटे मोजा: १३ भरले तर २६, १२ भरले तर २४ म्हणजे यूएनएफ, ११ भरले तर २२. एवढ्यानं बहुतेक अडीच सुती बोल्टांचा निकाल लागतो. मॅग्नेटो-डायनामोवरचे बारके स्क्रू यात शोधूच नका, ते बहुधा बीए, म्हणजे बारक्या स्क्रूंचा वेगळा ब्रिटिश आटा. २ बीए ४.७ मिमीचा असतो, त्या जागी ५ मिमीचा स्क्रू दामटतात आणि पितळी आटे जातात.

स्टडची (दोन्ही टोकांना आटे असलेल्या, बिनडोक्याच्या बोल्टची) दोन्ही टोकं वेगवेगळी मोजा. ॲल्युमिनियममध्ये जाणारं टोक बऱ्याचदा जाड बीएसडब्ल्यू असतं आणि नटाकडचं बारीक.

आता तुमची शेवटची सूचना, '८ मिमीचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मारून मोकळं व्हा'. अडीच सुती बीएसडब्ल्यूचे आटे १.४१ मिमीवर आहेत. १.२५चा टॅप त्यांना आडवा कापत जातो. वरून आटे छान दिसतात, आत मात्र तुकडे उरतात. भोक गेलंच असेल तर मूळ मापाचं हेलिकॉइल (आटे परत देणारी तारेची गुंडाळी) बसवा, म्हणजे मूळ बोल्टही परत चालतो.