बानाखताआधी इंजिनिअर

माझा भाचा बडोद्यात अकोट्याला फ्लॅट घेतोय. रीसेलचा, तिसऱ्या मजल्यावरचा. इमारत तीसेक वर्षांपूर्वीची आणि भाव ५० लाखांच्या घरात. त्यावरून आमच्या घरात दोन तट पडले आहेत. एका बाजूला मी एकटा, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरहून फोनवर बोलणारा. दुसऱ्या बाजूला ताई, भाऊजी, दलाल आणि घरचे जुने वकील. मी म्हणतो, बानाखत, म्हणजे विक्रीचा करार, करण्याआधी एखादा स्ट्रक्चरल इंजिनिअर नेऊन फ्लॅट आणि इमारत नीट तपासून घ्या. ते म्हणतात, वकिलांनी टायटल क्लिअर दिलंय, बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेलाय, आता आणखी इंजिनिअर कशाला? भाचा तर सरळ म्हणाला, "मामा, तिकडचं तिकडे. इथे असं कोणी करत नाही. मालक बिथरला तर दुसरं गिऱ्हाईक टोकन घेऊन दारात उभंच आहे."

त्याची घाई मला कळते. चांगला फ्लॅट हातचा जाईल ही भीती खरी असते. पण हा वाद आमच्या एकट्याच्या घरातला नाही. दांडिया बाजार, राजमहाल रोडवरचे जुने वाडे आणि खोल्या सोडून मांजलपूर, अकोटा, वासणा रोडला फ्लॅट घेणाऱ्या आमच्या नात्यागोत्यात दर वर्षी कोणी ना कोणी याच टप्प्यावर असतं आणि दर वेळी हीच उत्तरं ऐकू येतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घर घेताना आपल्याकडे कोण काय तपासतं ते आधी पाहू. वकील कागद तपासतो. दस्तावेजांची मागची साखळी, प्रॉपर्टी कार्ड, बीयू (इमारत वापराची) परवानगी, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, गरज पडली तर पेपरात जाहीर नोटीस. हे काम बडोद्यातले वकील चोख करतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बँकेचा व्हॅल्युअर येतो तो बँकेसाठी. उद्या हप्ते थकले तर हा फ्लॅट विकून कर्ज वसूल होईल का, एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न. तो क्षेत्रफळ मोजतो, फोटो काढतो, आजूबाजूचे भाव लिहितो आणि जातो. त्याचा अहवाल बँकेच्या नावे असतो, कित्येकदा तो खरेदीदाराच्या हातातही पडत नाही. बाथरूमखालच्या स्लॅबमध्ये पाणी मुरतंय का, पार्किंगमधल्या कॉलमची सळी गंजलीय का, हे पाहणं यांच्यापैकी कोणाचंच काम नाही. आणि ज्याच्या आयुष्याची पुंजी त्यात चालली आहे तो संध्याकाळी बायको-मुलांना घेऊन येतो, हवा-उजेड बघतो, नळ सोडून पाण्याचा जोर बघतो, शेजारी कोण आहेत ते विचारतो. झालं पाहून.

यात कायद्याचीही एक बाजू आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याला ठाऊक असलेला मोठा दोष त्याने सांगितला पाहिजे. मात्र तो दोष असा हवा, जो खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही सापडला नसता. याचा अर्थ नीट घ्या. जे डोळे उघडे ठेवून दिसलं असतं ते पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर आहे. रेराने, म्हणजे बिल्डरांवर अंकुश ठेवणाऱ्या कायद्याने, नव्या घरांना मोठा आधार दिला: ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. पण तीस वर्षांच्या इमारतीत एका गृहस्थाने दुसऱ्याला विकलेल्या फ्लॅटला तो आधार नाही. तिथे बघायचं ते आधीच बघून घ्यायला हवं.

आता इकडचं सांगतो. मॅसॅच्युसेट्स या बाबतीत फार सज्जन राज्य आहे असा गैरसमज नको. सामान्य घरमालकाने विकताना दोष आपणहून सांगितलेच पाहिजेत असा सरसकट नियम इथे नाही. १९७८ पूर्वीच्या घरातला शिशाचा रंग, सेप्टिक टाकी अशा थोड्या गोष्टींचे नियम आहेत, बाकी घेणाऱ्याने आपलं पाहावं. फरक इतकाच, की घेणारा खरोखर पाहतो. ऑफर मान्य झाली की साधारण आठवडा-दहा दिवसांत परवानाधारक इन्स्पेक्टर येतो, त्याची पाचशे-सहाशे डॉलरच्या आसपासची फी घेणारा देतो आणि मोठं काही निघालं तर सौदा मोडता येतो किंवा किंमत नव्याने बोलता येते. विकणाऱ्याच्या दलालाला अमुक इन्स्पेक्टर घ्या असं सुचवण्याची इथे कायद्याने मुभा नाही. मला हा नियम सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, कारण ज्याचं कमिशन सौदा होण्यावर आहे त्याने आणलेला तपासनीस कोणाचा असणार, हे उघड आहे.

आम्ही घर घेतलं तेव्हाची तपासणी माझ्या डोळ्यांपुढे आहे. वूस्टरमधली बहुतेक जुनी घरं लाकडी, आमचंही शंभरीकडे झुकलेलं. इन्स्पेक्टर आला तो बैठकीच्या खोलीकडे न बघता तळघरात उतरला. पायावर जिथे लाकडी तुळई टेकते तिथे टॉर्च धरून दर हातभर अंतरावर स्क्रूड्रायव्हर टोचत गेला. एका कोपऱ्यात तो लोण्यात जावा तसा आत गेला. बाहेर त्याच जागी पन्हाळीचं पाणी भिंतीलगत पडत होतं. वरचे सगळे नळ एकदम सोडून पुन्हा खाली येऊन पाइपचे सांधे हाताने चाचपले. विजेच्या पेटीचं झाकण काढलं, मग माळ्यावर चढला आणि इन्सुलेशन बाजूला सारून चिनी मातीच्या गुटक्यांवरून गेलेली जुन्या पद्धतीची तार दाखवली, जिला इथल्या विमा कंपन्या नाकं मुरडतात. या सगळ्या वेळात मी त्याच्या मागे मागे होतो आणि तो प्रत्येक गोष्ट समजावून सांगत होता: हे आजच करा, हे पाच वर्षांत करा, याची काळजी नको. फोटोंसकट अहवाल आला. तुळई आणि वायरिंगचा खर्च किमतीतून वजा झाला आणि घर आम्ही घेतलं. माझ्या मते तपासणीचा खरा उपयोग हा आहे. ती सौदा मोडायला नसते. आपण नेमकं काय विकत घेतोय आणि त्यावर आणखी किती खर्च येणार, हे पैसे देण्याआधी कळावं म्हणून असते.

करोनाच्या काळात इथेही पाय घसरला. घरं कमी, घेणारे फार. मग लोक तपासणी सोडून देतो असं ऑफरमध्येच लिहून देऊ लागले, म्हणजे मालक आपल्याला पसंत करील. भाच्याच्या तोंडचं वाक्य, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे, मी तेव्हा इथे इंग्रजीत रोज ऐकत होतो. त्याचा परिणाम असा, की ज्यांच्याकडे दुरुस्तीला पैसे उरलेले नसतात अशी पहिलं घर घेणारी तरुण जोडपीच जास्त अडकली. शेवटी राज्याने नियम केला. १५ ऑक्टोबर २०२५ पासून, लिलाव किंवा नात्यातले व्यवहार असे काही अपवाद सोडले तर, तपासणी सोडण्याच्या अटीवर घर विकता येत नाही आणि आधीच तपासणी सोडून दिलेली ऑफर मालकाला स्वीकारता येत नाही. तेव्हा हे तिकडचं तिकडे नाही. घाई दोन्हीकडे सारखीच आहे.

शिवाय बडोद्याला स्वतःची कारणं आहेत, ती बोस्टनहून उसनी आणावी लागत नाहीत. बऱ्याच भागाखाली काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि पाया तिच्याबरोबर हलला की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. प्लास्टरची केसासारखी भेग आणि ही भेग यांत फरक आहे. पहिली पुट्टीने मिटते, दुसरी दर वर्षी परत येते. कोणती कुठली, हे सांगायला इंजिनिअर लागतो. मग शहरातून वाहणारी विश्वामित्री नदी. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली आणि अकोटा, फतेगंज, समा भागातल्या सोसायट्यांत पाणी शिरलं. तिसऱ्या मजल्यावर पाणी येत नाही हे खरं, पण लिफ्टचा खड्डा, मीटरचा बोर्ड, पाण्याची टाकी आणि कॉलमचे पाय खालीच असतात. पूर ओसरला की तिथे लोणा लागलेलं प्लास्टर खरवडून नवा रंग मारतात. विक्रीला काढलेल्या जुन्या फ्लॅटमधला ताजा रंग मला म्हणूनच शंकास्पद वाटतो. कॉलमच्या पायाशी प्लास्टर फुगलंय का, त्यावर तांबूस डाग आहेत का ते बघा. आतली सळी गंजली की ती फुगते आणि भोवतीचं काँक्रीट फोडते. स्लॅबवर साध्या हातोडीने हलकं ठोकत गेलं, तर पोकळ जागा वेगळी वाजते.

भूकंपाचं तर आपल्या पिढीला सांगायला नको. २६ जानेवारी २००१ ला केंद्र कच्छात होतं, तरी २०० किलोमीटरहून लांब अहमदाबादमध्ये बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या कित्येकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा सोडलेला, म्हणजे वर भिंतींचं वजन आणि खाली नुसते कॉलम. बडोदा भूकंपाच्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, विभागात येतं आणि त्या काळातल्या आपल्या इमारतींचीही रचना पुष्कळदा तीच. त्यात मधल्या वर्षांत कोणी बाल्कनी आत घेतली, कोणी दोन खोल्या एक केल्या. खालच्या मजल्यावरच्याने भिंत पाडताना बीमला हात लावला का, हे वरच्या फ्लॅटच्या दस्तावेजात कधीच दिसणार नाही. आणि २८ ऑगस्ट २०१३ ला भूकंप नव्हता, तरी बडोद्यातल्याच अटलादऱ्याच्या माधवनगरात पहाटे इमारती पडल्या आणि किमान ११ माणसं गेली.

भाऊजींचा आणखी एक मुद्दा आहे आणि तो बडोद्यात फार ऐकू येतो: "इमारत आज ना उद्या रिडेव्हलपमेंटला जाणारच, मग भेगा कशाला मोजायच्या?" कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीनंतर गुजरातेत २५ वर्षांवरच्या इमारतीला ७५ टक्के सभासदांची संमती पुरते, हे खरं. पण ती संमती जमणं, बिल्डर मिळणं, त्याचं गणित बसणं, यात वर्षं जातात आणि तोवर राहायचं त्याच स्लॅबखाली. उलट रिडेव्हलपमेंटच्या आशेने जास्त भाव देत असाल, तर इमारत तोवर तग धरेल का, हे कळणं आणखी गरजेचं.

राहिला खर्च. ५० लाखांच्या दस्तावेजावर गुजरातेत ४.९ टक्के स्टँप ड्युटी म्हणजे २,४५,००० रुपये. घर बाईच्या नावावर नसेल तर वर १ टक्का नोंदणी फी, ५०,०००. दलालाचा टक्का निराळा. वास्तुतज्ज्ञाला आपण आनंदाने बोलावतो, बोलवावं. या सगळ्यांपुढे इंजिनिअरच्या अर्ध्या दिवसाची फी अगदी किरकोळ आहे. फक्त तो दलालाने सुचवलेला नसावा आणि पुढे वॉटरप्रूफिंगचं कंत्राट घेणाराही नसावा.

इथे परदेशातल्या आम्हा मंडळींबद्दल बोललं पाहिजे. इथे इन्स्पेक्शनशिवाय गॅरेजसुद्धा न घेणारी आमच्यातली माणसं बडोद्यातला फ्लॅट व्हिडिओ कॉलवर बघून, कुलमुखत्यारपत्र पाठवून घेतात. त्याने बाजाराला वाईट सवय लागते, कारण न बघता पैसे देणारा असला की बघून घेणारा कटकट्या ठरतो. आम्ही प्रत्येकाने तिथल्या इंजिनिअरचा अहवाल मागायला लागलो, तर भाच्यासारख्यांना तो मागणं सोपं जाईल.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. शक्य असेल तर तपासणी टोकनच्या आधी करा. मालक टोकनशिवाय थांबत नसेल तर बानाखतात एक कलम घालून घ्या: खरेदीदार ७ दिवसांत स्वतःच्या खर्चाने इंजिनिअरकडून तपासणी करून घेईल आणि इमारतीच्या मजबुतीला बाधक दोष निघाल्यास सौदा रद्द करून दिलेली रक्कम परत मिळेल. वकील तर नेमलेला असतोच, हे चार ओळींचं काम तोच करील. नवा फ्लॅट असेल तर ताब्याच्या वेळी तपासणी करून, दोषांचे तारखेसह फोटो बिल्डरला लेखी द्या, म्हणजे रेराची ५ वर्षं उपयोगी पडतील.

आणि मालक नाराज होईल म्हणाल, तर आपणही कधी मालक असतो. माझी मावशी मांजलपूरचं टेनामेंट, म्हणजे स्वतंत्र बैठं घर, विकायला काढते आहे. तिला मी सांगितलंय की तू आधीच इंजिनिअरकडून अहवाल करून घे, गच्चीच्या चायना मोझॅकखाली (फरशीच्या तुकड्यांच्या थराखाली) गळती आहे ती त्यात लपवू नको आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात एक प्रत दे. ती म्हणाली, बरं, नाव सुचव. सुचवलं नाही, तिघांशी बोलून तिनेच एक ठरवला आहे, तो रविवारी येणार आहे.