हिरवी वाट हातोहात कशी घालवावी?

आपल्या घराजवळ चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी झाडांच्या सावलीतली एखादी वाट अजून शिल्लक असेल, तर विकासाच्या बाबतीत आपण किती मागे पडलो आहोत याची प्रथम लाज बाळगावी. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्याच वीस शहरांत ज्या बेळगावची निवड झाली, त्या बेळगावात आजही लोक पायी चालताना आढळावेत हे काही बरे नाही. हा कलंक पुसण्यासाठी काही अनुभवसिद्ध सूचना देत आहे. अनुभव बेळगावच्याच टिळकवाडीतला आणि गेल्याच आठवड्यातला आहे; तिथल्या आमच्या वाटेवरची झाडे बसगाड्यांच्या नव्या मार्गिकेसाठी तोडायची आहेत.

वाटेचा उल्लेख नेहमी ‘पडीक जागा’ असा करावा.

ती वाचवा म्हणणाऱ्याला ‘मग तुम्हाला बस नको का?’ असे विचारून गप्प करावे. बस वेळेवर येत नाही आणि आली तरी दारात लोंबकळावे लागते, यात बिचाऱ्या गुलमोहरांचा काय दोष, हे त्याला विचारू देऊ नये.

झाडे मोजताना पन्नास हा आकडा अशुभ मानावा. कर्नाटकच्या १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्यातील तरतुदीनुसार पन्नासहून अधिक झाडे तोडायची असतील तर वृक्ष अधिकाऱ्याला जाहीर नोटीस काढून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, आणि लोकांना हरकती असतात ही तर विकासातली सर्वांत मोठी अडचण. त्यावरचा तोडगा मी मंगळवारी सकाळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. या मार्गिकेसाठी आमच्या वाटेवरच्या खोडांवर लाल रंगाने आकडे घातले होते. रंग ओलाच होता, बोटाला लागला. आकडे वाचत मी नाल्यावरच्या मोरीपर्यंत गेलो, तिथे ४९ होता. मोरी ओलांडली, तर पलीकडच्या पहिल्याच झाडावर पुन्हा १! वाट तीच, काम तेच, रंगाचा डबाही तोच, फक्त मोरीपाशी गणित नव्याने सुरू झाले. ज्याला हे सुचले त्याला पहिलीत कोणी शिकवले असेल ते असो, पण एवढी अक्कल बसचे वेळापत्रक लावण्यात खर्च झाली असती तर आज या मार्गिकेचा विषयच निघाला नसता. विचारायला कचेरीत गेलो, तर मराठीतला अर्ज पाहून ‘कन्नडमध्ये आणा’ म्हणाले. तो अनुभव इथल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. दुसऱ्या दिवशी कन्नडमध्ये अर्ज नेला, तेव्हा साहेब मीटिंगला गेले होते.

तोडलेल्या झाडांच्या बदल्यात रोपे लावण्याचे आश्वासन अवश्य द्यावे. रोपांना पाणी घालण्याचे देऊ नये.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. मार्गिका शेजारच्या हमरस्त्यावर का आखत नाही, असे कोणी विचारलेच तर ‘रस्ता अरुंद आहे’ असे सांगावे. तो अरुंद का आहे, हे मात्र

नाही, इथे मला हा उपरोध पुढे चालवता येत नाही. रस्ता अरुंद आहे कारण त्याच्या दोन्ही कडांना दिवसभर मोटारी उभ्या असतात, आणि त्या मोटारी कोणा परक्याच्या नाहीत, तुमच्या-आमच्या आहेत. बस त्याच रस्त्याने नीट धावू शकते, पण तुमच्या गाड्या हलवण्याची छाती कोणाची होत नाही, म्हणून ज्यांना तोंड नाही त्या झाडांवर रंग फासला गेला. रोज पहाटे वाटेच्या तोंडाशी, सायकलमार्गावरच गाडी लावून फिरायला येणाऱ्यांनी अधिकाऱ्यांना शिव्या देऊ नयेत. शहरातल्या पादचाऱ्याला किमान १.८ मीटर रुंदीची मोकळी वाट हवी, असे रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तुमची एक गाडी तेवढी वाट खाऊन बसते. रविवारी मी वाटेवर झाडे वाचवण्याचा अर्ज घेऊन सह्यांसाठी दोन तास उभा होतो. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, दोघांनी रंगाचे फोटो काढले आणि सह्या झाल्या सहा! साहेबांचे जाऊ द्या, तुम्हाला तरी काही वाटते का?

उद्या सकाळी सहा वाजता मी सतरा नंबरच्या गुलमोहराखाली उभा असेन. सतरा नंबरची झाडे आता दोन आहेत; मोरीच्या अलीकडचे धरा. अर्ज दोन्ही भाषांत तयार आहे. सही करायला या, आणि येताना गाडी घरी ठेवून पायी या.