एसजीपीटी म्हणजे काय रे झिला?

हापूसचा मोसम आणि विद्यापीठाची परीक्षा एकाच महिन्यात ठेवणारा माणूस कोकणातला नसणार. असलाच तर त्याच्या नावावर एकही कलम नसणार. मी मुंबईत एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री करतो. एप्रिलात परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, पी.एल., लागली की होस्टेल सोडून देवगडकडे घरी पळतो. घरी शांतता असेल, खाडीवरून वारा येईल आणि त्या वाऱ्यात ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे पेशीत साखर फोडण्याच्या, दहा पायऱ्या एकदाच्या पाठ होतील, असा बेत असतो. यंदा पोचलो तेव्हा पडवीत क्रेट, माजघरात अढी, आणि माझ्या खोलीत छताला टेकलेले पुठ्ठ्याचे खोके. टेबल होतं, पण त्यावर वजनकाटा बसला होता.

आईचं म्हणणं एकदम साधं. "तोंडानच पाठ करूचा आसा मां? मगे हात मोकळेच आसत."

तेव्हापासून मी आंबे निवडत पाठ करतो. पेंढा बाजूला सारायचा, आंबा उचलायचा, देठाशी नाक न्यायचं, अंगठ्यानं अगदी हलकं दाबून बघायचं. कडक लागला तर परत अढीत, बोट किंचित आत गेलं तर घरात, आणि देठाजवळ काळा ठिपका दिसला तर आईला न सांगता पोटात. त्या फळात आत काय चाललंय ते मला तोंडपाठ आहे. अमायलेज स्टार्चची साखर करतंय, पॉलिगॅलॅक्टुरोनेज पेक्टिन तोडून गर मऊ करतंय, आंबटपणा उतरतोय. आंब्याला हे सगळं न वाचता जमतं. मी मात्र हेक्सोकायनेजपासून निघतो तो चौथ्या पायरीवर, अल्डोलेजपाशी, हटकून अडतो. सहा कार्बनची साखर तिथं तीन-तीनमध्ये दुभंगते, तसं माझं लक्षही दुभंगतं. अर्धं वहीत राहतं, अर्धं स्वयंपाकघरातून येणाऱ्या बांगड्याच्या वासाकडे जातं.

या विषयाचा मूळ पुरुष एदुआर्ट बुखनर. 1897 साली त्यानं यीस्ट वाळूबरोबर कुटून त्याचा रस काढला, रस टिकावा म्हणून त्यात साखर घातली, आणि रसाला बुडबुडे यायला लागले. पेशी मेल्या तरी आंबणं चालूच राहिलं, म्हणजे काम करणारी वस्तू, एन्झाइम, पेशीच्या रसातच होती. या फेसाबद्दल त्याला 1907 चं नोबेल मिळालं. आमच्या घरी आमरसाला फेस आला तर आईकडून जे मिळतं, त्याची कुठल्याही अकादमीनं अजून नोंद घेतलेली नाही.

ग्लायकोलिसिस निदान सरळ रस्ता आहे. एका टोकाला ग्लुकोज, दुसऱ्या टोकाला पायरुव्हेट, हिशेबाला निव्वळ दोन एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, शिल्लक. त्यापुढच्या क्रेब्ज सायकलचं तसं नाही. ती गोल आहे. ऑक्झालोॲसिटेटपासून निघायचं, आठ पायऱ्या घाम गाळायचा आणि परत ऑक्झालोॲसिटेटवरच यायचं. हान्स क्रेब्जनं 1937 साली हे चक्र मांडून 'नेचर'ला पत्र पाठवलं, तर त्यांनी सध्या आमच्याकडे पत्रं भरपूर आहेत असं कळवून ते परत केलं. 1953 साली त्याच कामावर त्याला नोबेल मिळालं. हा किस्सा आमच्याकडे प्रत्येक सर नापास होण्याच्या भीतीनं गारठलेल्या मुलांना धीर द्यायला सांगतात. माझा धीर त्यानं वाढत नाही. संपादकांनी जरा अजून ताणून धरलं असतं तर अभ्यासक्रमातलं एक पान कमी झालं असतं, एवढंच मनात येतं.

हे चक्र लक्षात ठेवायला मी एक वाक्य रचलं होतं. सायट्रेट, आयसोसायट्रेट, कीटोग्लुटारेट, सक्सिनिल, सक्सिनेट, फ्युमरेट, मॅलेट, ऑक्झालोॲसिटेट, या सगळ्यांच्या आद्याक्षरांवरून: "सायंकाळी आयत्या कीर्तनात सगळे सासरचे फुकट मठ्ठा ओरपतात." वाक्य खणखणीत होतं. क्रेट भरता भरता मी ते चांगल्या मोठ्या आवाजात घोकत होतो. आता, नुकतीच रामनवमी झालेली. देवळात उत्सव, रोज कीर्तन, आणि ते ऐकायला दादाचे सासरे-सासूबाई मुद्दाम चिपळूणहून आलेले. कीर्तन संपल्यावर मठ्ठाही होता. हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. वहिनीच्या होतं. ती दारात येऊन उभी राहिली, हातात पेंढ्याची मूठ तशीच.

"भावोजी," ती म्हणाली, "आमच्या बाबांनी एकच भांडं घेतलं होतं. आणि तेही तुमच्या आईंनी आग्रह केला म्हणून."

मी वही दाखवली. सायट्रेट दाखवलं. मॅलेटवर बोट ठेवलं. तिनं सगळं शांतपणे वाचून घेतलं आणि विचारलं, "म वरून दुसरं काही सुचलं नाही तुम्हाला?" रात्री पंगतीत माझ्या पानात सगळं आलं. मठ्ठा तेवढा आला नाही.

पण खरी पंचाईत घराबाहेरची. मी मोठ्यानं घोकतो, त्यात 'ग्लुकोज' हा शब्द फार वेळा येतो, आणि आमच्या वाडीत भिंतींना कान नसून गडग्यांना आहेत. 'अमक्याचो झील साखरेचा शिकता' ही बातमी दोन दिवसांत खालच्या वाडीपर्यंत पोचली. मग रिपोर्ट यायला लागले. तालुक्याच्या लॅबमधले, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले, घडीवर हळदीचा डाग.

पहिले आले नाना. "एसजीपीटी म्हणजे काय रे झिला? माझा 92 इला."

मला उकळ्या फुटल्या. हे तर सिलॅबसमधलं! एसजीपीटी हे एन्झाइमच. मी नानांना पडवीत बसवलं आणि सांगितलं की ॲलनिन नावाच्या अमिनो आम्लाकडचा अमिनो गट काढून तो कीटोग्लुटारेटला द्यायचा, हे त्याचं काम. ॲलनिनचं मग पायरुव्हेट होतं. मदतीला बी-6 जीवनसत्त्व लागतं. हे एन्झाइम मुख्यतः यकृताच्या पेशीत असतं, पेशीला इजा झाली की रक्तात उतरतं, म्हणून लॅबवाले ते रक्तात मोजतात. नानांनी मधे एकदाही अडवलं नाही. संपल्यावर पिशवीची घडी घालत म्हणाले, "ता सगळा बरोबर. संध्याकाळची घेव काय नको?"

"नानानू, ता डॉक्टराक इचारूक व्हया."

"म्हणजे," नाना उठले, "सिलॅबसात नाय."

त्यांच्यामागून गोदाकाकी. त्यांनी कुठून तरी ऐकलेलं की कोकमानं माणूस बारीक होतो. इथं माझा पुन्हा घात झाला, कारण त्यात बायोकेमिस्ट्री खरोखरच आहे. कोकमाच्या सालीत हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल असतं. आपलं शरीर जादा साखरेची चरबी करतं तेव्हा सायट्रेट फोडणारं एक एन्झाइम लागतं, एटीपी सायट्रेट लायेज. हे आम्ल सायट्रेटच्या जागी जाऊन बसतं आणि त्या एन्झाइमला अडवून धरतं. एवढं ऐकूनच काकींनी पदर खोचला. पुढचं, म्हणजे परीक्षानळीत अडवलं म्हणून माणसाचं पोट उतरतं याला भरवशाचा पुरावा नाही, हे त्या गडग्यापलीकडे गेल्यावर मी हवेला सांगितलं. संध्याकाळी त्यांच्याकडून तांब्याभर सोलकढी आली. वर नारळाच्या दाट रसाची साय धरलेली.

आणि मग तात्या. तात्यांना साखर आहे हे आख्ख्या वाडीला ठाऊक आहे, आणि तात्यांची पंधरा हापूसची कलमं आहेत हेही. तात्यांनी या वेळी रिपोर्टच्या आदल्या दोन दिवसांत भात सोडला होता, चहा बिनसाखरेचा घेतला होता, तरी एचबीएवनसी 8.4 आलं होतं. लॅबवाल्याचं यंत्र बिघडलंय असा त्यांचा सिद्धांत. मी म्हटलं, तात्यानू, ह्या प्रकरणात यंत्राचा दोष नाय. रक्तातली साखर हिमोग्लोबिनला आपली आपण चिकटते. त्याला एन्झाइमसुद्धा लागत नाही (एवढ्या मोठ्या पुस्तकात एक गोष्ट एन्झाइमशिवाय होते आणि नेमकी ती पाठ करायला सोपी असते, याचं मला फार समाधान आहे). तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, त्यामुळे गेल्या दोन-तीन महिन्यांचा सगळा हिशेब तिच्यावर लिहिलेला असतो.

"म्हणजे दोन दिवसांचा नाटक चलणा नाय!" तात्यांच्या मागून तात्याकाकींचा आवाज आला. इतका आनंद मी त्यांच्या आवाजात कधी ऐकला नव्हता. त्या तशाच घरी गेल्या, बहुधा हे कोणाला तरी सांगायला.

तात्या थांबले. आईनं पाहुणचाराला म्हणून फोडी कापून आणल्या होत्या, एका ताटलीत, मधोमध बाठा. त्या तिनं माझ्यापुढे ठेवल्या, पण ताटली दोघांच्या मधे होती.

"एकच सांग," तात्या म्हणाले. "आंबो खाव काय नको?"

मी सुरुवातीपासून सुरुवात केली. पिकलेल्या आंब्यात मुख्यतः सुक्रोज. लहान आतड्यात त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. ग्लुकोज पेशीत गेलं की तिसऱ्या पायरीवर त्याला फॉस्फोफ्रुक्टोकायनेज भेटतं. तो म्हणजे खारेपाटणचा तपासणी नाका. पेशीत एटीपी पुरेसं असेल तर हा नाका गाडी मागे रोखून धरतो.

"आणि फ्रुक्टोज?" तात्यांनी विचारलं. प्रश्न नेमका होता, म्हणून मला भरून आलं.

"फ्रुक्टोज यकृतात आतल्या रस्त्यान जाता. फ्रुक्टोकायनेज, मगे अल्डोलेज बी. नाक्याच्या पलीकडे जाऊन मिळता."

"बिनतपासणीचा?"

"बिनतपासणीचा."

"पुढे खंय जाता?"

असा श्रोता मला मुंबईत कधी लाभला नाही. अल्डोलेजपाशी मी त्या दिवशी अडलो नाही. पायरुव्हेटपर्यंत आलो, मायटोकॉन्ड्रियात शिरलो, सायट्रेट, आयसोसायट्रेट, कीटोग्लुटारेट... वहिनी आत होती म्हणून आवाज उतरवून फ्युमरेट, मॅलेट केलं आणि ऑक्झालोॲसिटेटवर सुखरूप परत आलो. खाली बघितलं तर ताटलीत बाठा. फोडी नाहीत. तात्या बोटं चाटत होते.

नेमक्या तेव्हाच काकी परतल्या. त्यांनी ताटली बघितली, तात्यांची बोटं बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं.

"हेनी सांगल्यान," तात्या माझ्याकडे बोट करून म्हणाले. "आतल्या रस्त्यान जाता. बिनतपासणीचा."

"काकी, मी तसा नाय म्हटलंय. नाको चुकवता म्हणानच ता वायट. आणि अर्धा ग्लुकोजच आसता..."

"मगे आता गोळी वाढवची काय?" काकी.

"ता डॉक्टराक इचारा."

तात्यांनी सुस्कारा सोडला. "नानाक पण ह्याच सांगलंस. आंब्याचा इचारला तर डॉक्टर, दारवेचा इचारला तर डॉक्टर. मगे तू शिकतंस कित्याक?" आणि काकी रिपोर्टची घडी शोधायला वळल्याबरोबर, आवाज खाली आणून, "तो बाठो हडे दी."