एसटीची फेरी तोट्यात आहे, हे कोणत्या आकड्यावर ठरवायचे?

एसटीच्या तोट्याचा विषय निघाला की प्रति किलोमीटर खर्च आणि प्रति किलोमीटर उत्पन्न हे दोन आकडे शेजारी मांडले जातात आणि उत्पन्न कमी असलेल्या फेरीवर फुली मारावी, असे सांगितले जाते. माझ्या मते सरासरी खर्चाचा हा आकडा वार्षिक ताळेबंदासाठी ठीक आहे. फेरी बंद करण्याचा निर्णय मात्र त्यावर घेऊ नये.

गावात मुक्कामी जाणारी गाडी घ्या. ती बंद केल्यास डिझेल, टायरची झीज आणि रात्रवस्तीचा भत्ता वाचेल. चालक-वाहकांचे मूळ वेतन, आगाराची कार्यशाळा आणि विभागीय कार्यालय यांचा खर्च तसाच राहून उरलेल्या किलोमीटरवर वाटला जाईल, आणि काल नफ्यात दिसणारी शेजारची फेरी उद्या तोट्यात दिसू लागेल. शिवाय या गाडीने तालुक्याला आलेले प्रवासी पुढे पुण्या-मुंबईच्या गाडीत बसतात, तेव्हा ते उत्पन्न दुसऱ्याच फेरीच्या नावावर पडते. तीच गाडी आणि तेच कर्मचारी अधिक भारमानाच्या, म्हणजे जास्त आसने भरणाऱ्या, मार्गावर वापरता येत असतील तर गणित बदलते, हे मान्य. पण मग तुलना त्या मार्गाशी व्हावी, महामंडळाच्या सरासरीशी नव्हे.

सवलतींचा प्रश्न याच्या उलट आहे. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि मार्च 2023 पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळू लागला. या सवलतींची भरपाई शासन तिकिटाच्या दरानुसार करते. गर्दीच्या वेळी त्यासाठी जादा गाडी सोडावी लागली तर तिचा पूर्ण खर्च त्या दरात बसतो का, हे तपासायला संपूर्ण खर्चाचाच आकडा लागतो. म्हणजे एकाच संस्थेला दोन प्रश्नांसाठी दोन वेगळे खर्च हवेत. (1950 च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने व्यावसायिक तत्त्वांनी कारभार करण्याची आणि पुरेशी सेवा देण्याची, अशा दोन्ही जबाबदाऱ्या टाकल्या आहेत, हेही येथे आठवावे.)

म्हणून एसटीची खर्चमाहिती व्यवस्था, म्हणजे कोणत्या फेरीला किती खर्च येतो हे सांगणारी पद्धत, तपासताना संगणकप्रणाली किती आधुनिक आहे, हे मी शेवटी विचारेन. तिकीट यंत्रामुळे उत्पन्न फेरीनिहाय लगेच समजते. त्या फेरीचा टाळता येण्याजोगा, म्हणजे ती बंद केल्यास वाचणारा, खर्च आगार व्यवस्थापकाला पुढचे वेळापत्रक ठरवण्याआधी मिळतो का, आणि तो पाहून त्याला फेरीची वेळ बदलण्याचा अधिकार आहे का, हे आधी पाहायला हवे.