नाव बदलून व्हिडिओ चालत नाही, मामा

रंगपंचमीनंतर दोन दिवसांनी मामांचा फोन आला. नाशिकच्या तिवंधा चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगपंचमीला रंगाच्या पाण्यानं भरतात त्या जमिनीतल्या हौदात, नातवानं पहिल्यांदा धप्पा मारला (उडी घेतली), ओळखीतल्या एका फोटोग्राफरनं तो कॅमेऱ्यात टिपला आणि चार मिनिटांची क्लिप पेनड्राइव्हवर दिली. मामांच्या मोबाइलवर आवाज पुढे पळतोय आणि चित्र मागे लंगडतंय. पोरगा पाण्यात पडल्याचा आवाज आला तेव्हा तो अजून काठावरच उभा! "अरे, ग्रुपवर आलंय ना, तसं सगळं करून बघितलं. आता तर जास्तच अडकतंय."

ग्रुपवर आलेलं म्हणजे सध्या फिरत असलेला तो लांबलचक मेसेज. थोडक्यात असा: फाइलच्या नावाचं शेपूट बदलून एमपी४ करा, लगेच चालेल. नाहीतर ४के आणि ६० एफपीएसमध्ये (सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं) कन्व्हर्ट करा, लोण्यासारखा चालेल. कन्व्हर्ट करताना क्वालिटी जात नाही, फाइल मोठी झाली म्हणजे क्वालिटी वाढली. कॉम्प्युटर नको, ऑनलाइन साइटवर टाका. सगळ्यात सोपं, स्वतःलाच व्हॉट्सॲप करा. आणि रॅम साफ करणारं ॲप टाका.

शेवटचं आधी निकालात काढतो. रॅम साफ करून व्हिडिओ सुधारत नाही. पुढे.

आता ते शेपूट. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही डब्यांची नावं आहेत. डब्यात चित्र एका पद्धतीनं दाबून भरलेलं असतं आणि आवाज दुसऱ्या. त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. मोबाइलला खरी अडचण येते ती कोडेकची. वरची चिठ्ठी बदलली म्हणून आतला माल बदलत नाही. "पण माझ्याकडे तर नाव बदलल्यावर चाललं" असं सांगणारे भेटतात, आणि ते खोटं बोलत नसतात. काही ॲप नुसतं शेपूट बघून फाइल दारातच अडवतात. नाव बदललं की आत घेतात, आणि आतला माल ओळखीचा असला तर चालवतात. म्हणजे तिथे व्हिडिओ मुळात ठीकच होता.

मामांच्या फाइलमध्ये काय होतं ते बघायला कॉम्प्युटरवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर उघडला. त्यात 'टूल्स'खाली 'कोडेक इन्फर्मेशन' असतं, दोन क्लिकचं काम. कन्व्हर्ट करण्याआधी एवढं बघावं, निम्म्या वेळा कन्व्हर्ट करायची गरजच नाही असं कळतं. कोडेक होता एच.२६४, जो २००३ पासून आहे आणि आजचा कुठलाही स्मार्टफोन चालवतो. मग अडलं कुठे? क्लिप होती ४के, १०-बिट, ४:२:२. कॅमेरेवाले रंग नीट बसवता यावेत म्हणून असं शूट करतात: रंगाच्या प्रत्येक घटकाला २५६ ऐवजी १,०२४ पायऱ्या, आणि रंगाची माहिती नेहमीच्या दुप्पट. एडिटिंगसाठी उत्तम. पण मोबाइलच्या चिपमध्ये व्हिडिओ उलगडणारा जो वेगळा भाग असतो, तो एच.२६४ साधारणपणे ८-बिट, ४:२:० म्हणजे नेहमीचं, एवढंच जाणतो. त्या भागानं हात वर केले की काम मुख्य प्रोसेसरवर पडतं. फोन तापतो, बॅटरी उतरते, चित्राच्या फ्रेम गळायला लागतात. आवाजाचं काम हलकं, तो वेळेवर निघून जातो. मामांच्या नातवाचं काठावर उभं राहणं हे असं.

त्यात भर म्हणजे बिटरेट, सेकंदाला सुमारे १०० मेगाबिट. म्हणजे दर सेकंदाला साडेबारा एमबी, चार मिनिटांचे तीन जीबी. (फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. क्लिप सहा मिनिटांची असती तर कॉपी करतानाच अडली असती.)

अशा फोनला मेसेज सांगतो, ४के आणि ६० एफपीएस करा. ४के म्हणजे एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख ठिपके. मामांच्या फोनचा स्क्रीन ७२० बाय १६००, साडेअकरा लाख. बाकीचे ठिपके फोनला उलगडावे लागतात आणि मग टाकून द्यावे लागतात. ६० एफपीएसची गोष्ट आणखी मजेची. मूळ शूटिंग २५ फ्रेमचं होतं. पाच फ्रेमच्या जागी बारा बसवायच्या तर काही दोनदा दाखवायच्या, काही तीनदा. कॅमेरा फिरला की तो असमानपणा धक्क्यासारखा जाणवतो. काही ॲप मधल्या फ्रेम अंदाजानं नव्या बनवतात. रहाडीतलं उडणारं पाणी त्यात विरघळून चिखल होतं. काम मात्र दोन्ही प्रकारांत जवळपास अडीचपट वाढतं. मूळ जेवढ्या फ्रेम तेवढ्याच ठेवाव्यात.

क्वालिटी जात नाही हे एकाच बाबतीत खरं: आतला माल चांगला आहे आणि फक्त डबा बदलायचाय. एमकेव्हीतलं एच.२६४ तसंच उचलून एमपी४मध्ये ठेवणं याला रिमक्स म्हणतात. एफएफएमपेग नावाचं सॉफ्टवेअर हे काम फार चटकन करतं आणि चित्राला हात लावत नाही. नव्यानं दाबून भरलं की मात्र प्रत्येक वेळी थोडं जातंच, आणि फाइल मोठी केली तरी गेलेलं परत येत नाही. किती बिट लागतील ते दृश्यावर ठरतं. खुर्चीत बसून बोलणाऱ्या माणसाला थोडक्यात भागतं. रहाडीचं पाणी, रंग आणि गर्दी यांना भरपूर लागतात. म्हणून आकार ठरवून कन्व्हर्ट करण्यापेक्षा क्वालिटीचा आकडा ठरवावा.

एक वेगळी जात सांगायला हवी. घरात लग्नाच्या जुन्या मिनी डीव्ही कॅसेटवरून काढलेली फाइल असेल तर ती ७२० बाय ५७६ची आणि इंटरलेस्ड असते, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्यांत टिपलेली. हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्याचे दात दिसतात. तिथे डीइंटरलेस करायचं, म्हणजे ते अर्धे नीट जुळवून पूर्ण चित्र करायचं. ४के केलं तर मोठे दात दिसतील, एवढंच.

ऑनलाइन साइटबद्दल एवढंच, की अपलोडचा वेग १० मेगाबिट असेल तर तीन जीबी चढवायला ४० मिनिटं. आणि घरातल्या पोरांचे व्हिडिओ अनोळखी सर्व्हरवर.

व्हॉट्सॲपचा सल्ला तेवढा अर्धा खरा. व्हिडिओ दाबून लहान होतो आणि सहसा चालतोही. पण गर्दीतले चेहरे पुसट होतात आणि पाण्याचे चौकोन दिसतात. आहे तसा पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, त्याची मर्यादा दोन जीबी आहे.

मी काय केलं ते सांगतो. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर घेतलं. एच.२६४, पण १०-बिटवालं नाही, साधं. ४केऐवजी १०८०, फ्रेम मूळच्याच, क्वालिटीचा आकडा आरएफ २२ (आकडा जितका लहान तितकी क्वालिटी जास्त), आवाजाचा कोडेक एएसी. त्यानंतरचा नवा कोडेक एच.२६५ घेतला असता तर फाइल आणखी लहान झाली असती, पण मामांच्या नात्यात जुने फोन बरेच आहेत आणि त्यांचा भरवसा नाही. तीन जीबीचे साडेतीनशे एमबी झाले. मूळ फाइल हार्डडिस्कवर वेगळी ठेवली.

मामांच्या फोनवर क्लिप सुरळीत चालली. नातू आवाजासोबतच पाण्यात पडला. मामा खूश झाले आणि तिथल्या तिथे ती ग्रुपवर टाकली. डॉक्युमेंट म्हणून नाही, व्हिडिओ म्हणूनच.